मुरुडशेंग, पान नववं

ताजनपुरे काका पान आधी गालाला लावत.
मग खिडकीशी धरत. मग भिंगाखाली.
पेन्सिल त्यानंतर, अर्ध्या तासाने.

मी वनस्पतिशास्त्राची बाई,
अंजनेरीच्या पायथ्यावरून ओल्या फडक्यात
मुरुडशेंगेची फांदी गुंडाळून
दोन बस बदलून जेलरोडला येणारी.
मला घाई. फांदी कोमेजते.
"कोमेजू द्या," म्हणायचे,
"मान कुठून टाकते तेवढं तरी कळेल."

बत्तीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
त्यांनी पोलादावर रेषा कोरल्या.
कसल्या, ते कधी सांगितलं नाही.
सुटताना फाटकावर खिसे तपासत, डबा उघडून बघत,
आत फक्त भाकरीचा चुरा.
कागद मोजलेले, शाई मोजलेली,
एक रेष चुकली की अख्खा ताव भट्टीत.

आता मोजणारं कुणी नाही
म्हणून ते स्वतःच मोजत.
पानाच्या काठाचे दाते: एका बाजूला एक्केचाळीस,
दुसऱ्या बाजूला अडतीस.
"सारखे करू नका हं," मलाच दटावलं,
जणू मी करणार होते.

शेंग पाच पदरांची,
धुतलेल्या धोतराला दोघांनी दोन टोकांनी
पीळ द्यावा तशी.
पदर मागे वळतो तिथे रेष सोडून द्यायची,
आणि पलीकडून तो परत येताना
त्याच वेगात पुन्हा धरायची.
मधे नुसता कागद.
डोळा तेवढ्यात ठेचकाळत नाही.
देठाशी रेष जाड, ओली;
टोकाकडे जाता जाता तिचा आवाज बसत जातो.

पानाची वरची बाजू मांजराची जीभ.
तिच्यासाठी ठिपके, आखूड,
एकमेकांना न शिवणारे.
शिरेजवळ गर्दी, मग विरळ,
मग उजेड पडलाय तिथे एकही नाही.
खालच्या बाजूला लव, भिंगातून चांदण्यांसारखी फुटलेली,
तिथे निब कागदाला जेमतेम टेकलेलं.
मी न राहवून बोट फिरवलं.
सगळीकडे सारखंच गुळगुळीत.
माझंच बोट मला खोटं वाटलं.

भांडण झालं ते नवव्या पानावरून.
फांदीवरच्या मोठ्या पानाला अळीने भोक पाडलेलं,
शेंगदाण्याएवढं.
मी म्हटलं, हे काढू नका, काका.
पुस्तकात मुरुडशेंग हवी,
हे एक पान नको. अळी काही जातीचं लक्षण नाही.
ते चष्मा पुसत राहिले. बराच वेळ.
"मॅडम, चुकलेले ताव जाळण्यात जन्म गेला.
हे चुकलेलं नाही. हे खाल्लेलं आहे."

मग पुस्तकासाठी दुसरं पान काढलं त्यांनी,
अखंड, शहाण्यासारखं. तेच छापलं गेलं.
मला आजही ते नीट आठवत नाही.

नववं माझ्या कपाटात आहे.
दर जूनमध्ये पहिल्या वर्षाच्या वर्गात काढते,
भिंग फिरवायला देते, बोलत नाही.
भोक त्यांनी काढलेलंच नाही.
आत काही नाही, कोरा कागद.
फक्त काठ: जखम सुकताना पान तिथे जरा जाड होतं,
तपकिरी होतं, आत वळतं,
तेवढ्यापुरते ठिपके, दाटीवाटीने.
मी मोजले होते एकदा. मग आकडा विसरले.

यंदा मागच्या बाकावरची एक मुलगी,
दिंडोरीची, द्राक्षबागेतली,
भिंग बाजूला ठेवून गप्प बसली.
मग हळूच कागद उलटा केला
आणि खिडकीशी धरला,
भोक पलीकडे निघालंय का बघायला.